गार पडलेले हातपाय: विंचू, १९८६ ची गोळी आणि रात्रपाळीची सिस्टर

एपिसोड ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर. बोलताना झालेलं ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे वाजलेला कुकर काढून टाकलाय, बाकी जसंच्या तसं आहे.

आज राजेरजवाडे नाहीत आणि गडकिल्लेही नाहीत. आज एका गोळीचा इतिहास आहे, रक्तदाबाच्या एका साध्या, स्वस्त गोळीचा. आणि त्याच्यासोबत आणखी एक प्रश्न. दवाखान्यात पोर अत्यवस्थ होऊन येतं, तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाला काय काय येत असावं लागतं? आणि ते त्याला कोण शिकवतं?

मी माणचा. दहिवडी, म्हसवड, गोंदवले हा आमचा पट्टा. पाऊस नावालाच, खडकाळ माळ, दगडाच्या ताली, मेंढरं. ज्यांनी माणदेश फक्त पाणी फाउंडेशनच्या व्हिडिओत पाहिलाय त्यांना सांगतो, आमच्याकडं दगड उचलला की खाली काहीतरी असतंच, आणि बऱ्याचदा तो विंचू असतो. ‘इंचू’ म्हणायचं आमच्यात. सरपणाच्या ढिगात, शेणीच्या उडव्यात, चपलेत, अंथरुणात. एकनाथांनी त्याच्यावर भारूड लिहिलं म्हणजे दुखणं किती जुनं आहे बघा.

विंचू चावलेली बहुतेक माणसं रात्रभर बोंबलतात आणि सकाळी बरी होतात. म्हणून तर विंचू उतरवणाऱ्याचं नाव होतं. दहातली बहुतेक माणसं आपोआप बरी होणार असतील तर मंत्र कुणाचाही लागू पडतो. पण लाल विंचू, ज्याचं शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस, तो लहान पोराला चावला तर हिशेब बदलतो. विष तेवढंच आणि अंग छोटं. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात या विंचवानं किती पोरं नेली याची धड नोंदसुद्धा नाही, कारण त्यातली कित्येक दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत.

आता महाबळेश्वरचा घाट उतरून खाली जाऊ. पोलादपूर, पुढे महाड, आणि महाडजवळ बिरवाडी. साल १९७६. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा, रायगड हे नाव नंतर आलं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले, हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, गरीब घरचा मुलगा, नागपूरच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेला. रुजू झाल्यावर त्यांना दिसलं ते असं: विंचू चावलेली मुलं येतात, उलट्या करतात, घामानं निथळतात, काही तासांत धाप लागते, तोंडातून गुलाबी फेस येतो आणि जातात. चांगली खेळती पोरं.

त्या वेळच्या वैद्यकीय शिक्षणात यावर काय होतं? जवळपास काहीच नाही. पाठ्यपुस्तकं बहुतेक परदेशी, आणि आपला लाल विंचू त्या देशांत नसतो. मग जे हाताशी असेल ते दिलं जायचं. ॲलर्जीचं इंजेक्शन, स्टिरॉइड, झोपेच्या आणि वेदनेच्या औषधांचं मिश्रण, ॲट्रोपिन, सलाईन. यातल्या काहींचा उपयोग नव्हता आणि काहींनी नुकसानच व्हायचं. फुफ्फुसात पाणी भरलेल्या पोराला सवयीनं सलाईन चालू ठेवलं की काय होतं, याचा विचार करा. देणारा वाईट नव्हता. त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

बावस्करांनी केलं ते एका अर्थानं फार साधं होतं. ते पोरांच्या खाटेजवळ बसून राहिले. तासातासाला बघायचं आणि लिहायचं. नाडी किती, बीपी किती, घाम आहे का, उलटी झाली का, हातपाय गार आहेत का. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टम का कोसळते ते कळत नसेल तर आधी लॉग वाचा. त्यांनी लॉग तयार केले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख आला, त्याचा विषय होता धोक्याच्या आधीच्या खुणा. उलटी, भरपूर घाम, थंडगार हातपाय, चढलेलं बीपी, मुलग्यांमध्ये लिंगाला आलेला ताठपणा. या खुणा दिसल्या की समजायचं, हे पोर नुसतं दुखण्यानं रडत नाहीये, पुढे हृदयावर येणार आहे.

आता ही यादी परत वाचा. यातल्या बीपीचा पट्टा सोडला तर कशाला यंत्र लागतं? हात लावून बघायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. एमडी लागत नाही. उपकेंद्रातल्या सिस्टरला, आशाताईला, इतकंच काय पोराच्या आईला हे कळू शकतं. माझ्या मते हा लेख गोळीइतकाच मोठा आहे आणि त्याचं कौतुक कमी होतं.

मधल्या काळात ते पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमडी झाले आणि मोठ्या शहरात न थांबता परत त्याच भागात गेले. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड नावाचं औषध वापरलं. हे थेंब थेंब मोजून द्यायचं, सतत बीपी बघत, कारण जरा जास्त गेलं की बीपी एकदम कोसळतं. म्हणजे जिथं आयसीयू नाही तिथं डॉक्टरनं स्वतःच रात्रभर आयसीयू व्हायचं. त्यानं मुलं वाचत होती, पण दर दवाखान्यात रात्रभर बसणारा बावस्कर कुठून आणणार?

मग प्राझोसिन आलं. १९८६ मध्ये हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांचा लेख लॅन्सेटमध्ये छापून आला. विंचवाच्या विषानं अंगात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर बोजा येतो. प्राझोसिन त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. गोळी आहे, तोंडानं देता येते. काम करते आहे हे कळतं कसं? गार पडलेले हातपाय गरम व्हायला लागतात. बस्स. कसल्याही मॉनिटरशिवाय.

प्राझोसिनच्या आधीच्या काळात गंभीर रुग्णांमधले शेकडा २५ ते ३० दगावत, नंतर वेळेत पोचलेल्यांमध्ये हे प्रमाण अगदी थोडक्यावर आलं. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली, तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरलेली गोष्ट इथं संपत होती.

मला मात्र पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळं हे माझ्या डोक्यात असं बसलंय: १९८६ ला रिलीज झालं. डिप्लॉय कधी झालं? महाडमध्ये लगेच. पण माणमधल्या एखाद्या उपकेंद्रात, रात्री अडीच वाजता? तिथं कोड पोचवायला एकच रस्ता आहे, माणसाचं प्रशिक्षण. आणि तो रस्ता आपल्याकडं कायम अर्धवट बांधलेला आहे.

एक उदाहरण सोडवून बघू. (घरी करायचं नाही हं! हे डॉक्टरचंच काम आहे. मी फक्त ते किती किचकट आहे ते दाखवतोय.) प्राझोसिनचा पहिला डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. समोर दहा किलोचं पोर आहे. म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम. गोळी आहे एक मिलिग्रॅमची, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. तर गोळीचा तिसऱ्या भागाहूनही थोडा कमी तुकडा. आता विचार करा, रात्रीची वेळ, आई रडतेय, सोबत आलेले सात-आठ लोक दारात उभे, आणि तुम्हाला हा भागाकार करायचाय. शिवाय वजन माहीत असायला हवं. काटा आहे का? असला तर चालतो का? दुकानात प्राझोसिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात, त्या इथं चालत नाहीत, हे माहीत असायला हवं. गोळी दिल्यावर पोराला आडवंच ठेवायचं, कारण उभं केलं की बीपी उतरू शकतं. म्हणजे आईला सांगायला हवं की बाई, त्याला उचलून खांद्यावर घेऊ नका. जगातली कुठली आई हे ऐकते? तिला पटेल असं सांगणं हेसुद्धा शिकावं लागतं. आणि बीपी बघायचं तर लहान मुलाच्या दंडाला लहान पट्टा लागतो. मोठ्यांचा पट्टा गुंडाळला तर आकडा चुकतो.

हे एका आजाराचं झालं. फिट येणारं पोर, जुलाबानं सुकलेलं पोर, श्वास अडकलेलं पोर, जन्मल्यावर न रडलेलं बाळ, विहिरीतून काढलेलं पोर, सगळ्यांचे हिशेब वेगळे. मोठ्या माणसाचं औषध अर्धं केलं की मुलाचं होतं असं नसतं. अमेरिकेत जेम्स ब्रोसेलो या डॉक्टरनं १९८० च्या दशकात यावर एक पट्टी काढली. पोराशेजारी ती ठेवायची, उंचीवरून वजनाचा अंदाज आणि त्या रंगाच्या कप्प्यात औषधांचे डोस. झकास कल्पना. पण भारतीय मुलांवर तपासल्यावर दिसलं की ही पट्टी बऱ्याच मुलांचं वजन जास्त धरते, कारण आपली पोरं त्या उंचीला हडकुळी असतात. दुष्काळी भागात तर विचारूच नका. म्हणजे बाहेरचं हत्यार आणलं तरी ते आपल्या मापाला कसं लावायचं हे पुन्हा शिकवावंच लागतं.

आता जरा आपल्या डॉक्टरांच्या शिक्षणाकडं बघू. एमबीबीएसला बालरोग हा विषय स्वतंत्रपणे पास व्हायचा विषय झाला तो नव्वदच्या दशकात. त्याआधी तो मेडिसिनच्या पोटात होता. इमर्जन्सी मेडिसिन या विषयाला एमडीचा दर्जा मिळाला २००९ मध्ये. म्हणजे मी शाळेत होतो तेव्हा! या दोन विषयांच्या मधोमध उभं असतं ते अत्यवस्थ पोर. आणि हे फक्त डॉक्टरांचं. पोर दवाखान्यात शिरल्यावर त्याला पहिला हात लावते ती सिस्टर, किंवा वॉर्डबॉय, किंवा केसपेपर काढणारा माणूस.

हा शेवटचा मुद्दा जगाला कुणी समजावला माहितीये? आफ्रिकेतल्या मलावी देशानं. ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात मुलांची प्रचंड रांग लागायची आणि काही मुलं रांगेतच दगावायची. एलिझाबेथ मॉलिन्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास व्यवस्था बदलली. आलेल्या प्रत्येक पोराला दारातच बघायचं. श्वास कसा आहे, हात गार आहेत का, शुद्धीत आहे का, फार सुकलंय का. तीन गट करायचे: आत्ता, लवकर, आणि थांबलं तरी चालेल. दाखल मुलांमधला मृत्युदर आधी शेकडा १० ते १८ असायचा, तो ६ ते ८ वर आला. औषधं तीच, इमारत जवळपास तीच. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं यावर प्रशिक्षणाचं पुस्तक काढलं आणि त्यात स्पष्ट म्हटलं की दारावरचा गेटमन, नोंदणीचा कारकून, सफाई कामगार यांनाही ही ओळख शिकवा. गार हात तिथंही आहेत, बघा. बिरवाडीत आणि ब्लँटायरमध्ये एकच खूण.

आणि कमी शिकलेल्या माणसाला हे जमत नाही म्हणणाऱ्यांना गडचिरोलीत पाठवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ सुरू केल्यावर तिथल्या बालमृत्यूंमध्ये न्यूमोनिया मोठा होता. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास मोजायचे. पण गावातल्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी मण्यांची पाटी केली. सोबत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली की न्यूमोनिया. मला हे इंटरफेस डिझाइन म्हणून जबरदस्त वाटतं. माणसाला यंत्राजोगं करण्याऐवजी यंत्र माणसाजोगं केलं. त्यांच्या न्यूमोनियाच्या कामाचा लेख लॅन्सेटमध्ये १९९० ला आला. मग त्यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, श्वास न घेणाऱ्या बाळाला अँबू बॅगनं श्वास देण्यापर्यंत. ३९ गावांत काम झालं, शेजारची ४७ गावं तुलनेला होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. हा १९९९ चा लेख. २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरी जाऊन बाळ बघतात ते याच पायावर.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. नवजात बाळाला श्वास द्यायचं प्रशिक्षण नवजात शिशुतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९० मध्येच सुरू केलं होतं. २००९ मध्ये केंद्राचा ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ आला, डॉक्टर आणि सिस्टर दोघांसाठी, दोन दिवसांचा. ब्लँटायरची दारातली तपासणीही साधारण त्याच वेळी आपल्या सरकारी अभ्यासक्रमात आली.

अडचण पुढे आहे. माझी एक मावसबहीण सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. कुठं ते सांगत नाही, तिची नोकरी आहे. मी विचारलं, “ताई, ट्रेनिंग होतात का गं?” ती म्हणाली, “लय होत्यात. फाइल भरलीय सर्टिफिकेटांची.” म्हटलं, मग? “अरे, चाळीस जणी आणि बाहुली एक. बाहुलीला हात लावायला माझा नंबर येईस्तोवर जेवणाची सुट्टी झाली. दुपारी स्लाइड दाखवल्या.” त्यानंतर दोन वर्षांत तिच्यासमोर न रडलेलं बाळ आलं ते दोनदाच.

ही दोनदाची गंमत समजून घ्या. हाताचं कौशल्य वापरलं नाही तर काही महिन्यांतच उतरायला लागतं, हे जगभर तपासलं गेलंय. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात रोज अशी मुलं येतात, त्यामुळं तिथल्या सिस्टरचा हात आपोआप बसलेला राहतो. छोट्या दवाखान्यात महिनोन्महिने कुणी येत नाही आणि एका रात्री येतं. म्हणजे सराव सगळ्यात जास्त लागतो तो तिथं, जिथं पेशंट सगळ्यात कमी. आणि आपण मात्र प्रशिक्षण सगळ्यांना एकदाच आणि सारखंच देतो. आमच्या कंपनीत सर्व्हर पडला तर काय करायचं याची रंगीत तालीम दर तिमाहीला होते. पडला तर नुकसान काय? कुणाचा तरी पिझ्झा उशिरा पोचतो.

सराव म्हणजे फक्त औषधांचा नाही. ९ जानेवारी २०२१, भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष, मध्यरात्रीनंतरची वेळ. आग लागली. १७ बाळं होती, सात वाचली, दहा गेली. यंत्रांनी भरलेल्या खोलीत धूर झाल्यावर पहिल्या मिनिटात कोणी कुठलं बाळ उचलायचं, कुठल्या दारानं बाहेर काढायचं, ऑक्सिजन कोणी बंद करायचा, हे आधी हातापायांत भिनलेलं नसेल तर त्या मिनिटात सुचत नाही. कुणालाच नाही. मला यावर जास्त बोलवत नाही.

परत माणमध्ये येऊ. आज १०८ आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्रात ९३७ रुग्णवाहिका आल्या, त्यात डॉक्टर असतो, हे खरंच मोठं काम झालं. पण म्हसवडहून साताऱ्याच्या सिव्हिलला जायचं तर रस्ता मोकळा असला तरी दोन तासांच्या आसपास धरा. ग्रामीण रुग्णालयांमधली तज्ज्ञांची पदं देशभर रिकामी असतात हे सरकारचीच आकडेवारी दरवर्षी सांगते. मग ‘पुढं न्या’ हाच उपचार होतो. पुढं न्यायच्या आधीची वीस मिनिटं आणि गाडीतले दोन तास, एवढ्यातच विंचवाच्या पोराचं काय ते ठरतं. गोळी इथं दिली गेली का, किती वाजता दिली हे चिठ्ठीवर लिहिलं का, गाडीत कुणी दर थोड्या वेळानं पोराचे पाय चाचपतंय का. शिकलेला डॉक्टर बदली होऊन जातो तेव्हा हे ज्ञानही त्याच्या बॅगेत जातं. सिस्टर बऱ्याचदा जास्त वर्षं राहते. माझं मत विचाराल तर प्रशिक्षणाचा पैसा आधी तिच्यावर लावा. दवाखान्यातच एक बाहुली कायमची ठेवा आणि महिन्यातून अर्धा तास द्या. भिंतीवर किलोप्रमाणे डोसाचा तक्ता मराठीत लावा, भागाकार आधीच केलेला.

आणि रिलीज काही थांबलेले नाहीत. २०११ मध्ये बावस्कर दांपत्यानं ‘बीएमजे’मध्ये आणखी एक अभ्यास छापला. ७० रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनसोबत विंचवाची लस, म्हणजे प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते लस मिळालेल्या ३५ पैकी ३२, आणि नुसत्या गोळीवाल्या ३५ पैकी ८. म्हणजे आता सिस्टरला शिकायची गोष्ट एकानं वाढली: ती बाटली कुठं ठेवलीय, कशी द्यायची, देताना ॲलर्जीची रिॲक्शन आली तर काय करायचं.

ऐकणाऱ्यांमध्ये माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला भागातल्या सिस्टर, एएनएम, आशाताई, १०८ वरचे डॉक्टर किंवा पायलट असतील तर मला एक व्हॉइस नोट पाठवा. दोनच गोष्टी सांगा: तुमच्या दवाखान्यात लहान मुलांचा बीपीचा पट्टा आहे का, आणि बाहुलीवर शेवटचा हात कधी ठेवला होता? नाव सांगू नका, गावही नको. पुढच्या एपिसोडमध्ये त्या ऐकू.